एमजी थेल्माची, ट्रायम्फ क्लिफची

इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनमध्ये एमजी गाड्यांबद्दल वाकडा शब्द काढायचा असेल, तर आधी आजूबाजूला कोण बसलंय ते बघून घ्यावं. कारखाना बंद पडून तीस वर्षं होऊन गेली, पण गावाने ते अजून मनावर घेतलेलं नाही. आजही एखादा म्हातारा "आपल्या गाड्या" म्हणाला, तर त्याच्या दारात जपानी गाडी उभी असली तरी तो कशाबद्दल बोलतोय ते सगळ्यांना कळतं. अशा गावातल्या थेल्माने, आणि तीही कारखान्याच्या शिवणखात्यातल्या थेल्माने, लग्न केलं ते कोव्हेंट्रीच्या मुलाशी. एमजीशी कायम स्पर्धा करणाऱ्या ट्रायम्फ मोटारींच्या कारखान्यातल्या फिटरशी! तिच्या आईला मुलगा पसंत होता. काळजी एवढीच होती, की लग्नाच्या दिवशी चर्चसमोर गाडी कोणती उभी राहणार.

दोन्ही उभ्या राहिल्या, आणि पुढे चाळीस वर्षं एकाच शेडमध्ये शेजारी शेजारी उभ्या राहिल्या.

थेल्मा सोळाव्या वर्षी कारखान्यात लागली. तिच्याकडे काम होतं ते टप आणि कव्हरं शिवायचं. या उघड्या, दोन सीटांच्या गाड्यांना सीटांवरून ताणून बसवायचं एक कव्हर असतं, मधोमध चेन असलेलं. एकट्याने जायचं असेल तर चालवणाऱ्याची उजवी बाजू तेवढी उघडायची, डावी बंद ठेवायची, म्हणजे आत वारा घुसत नाही आणि पाऊस साचत नाही. दोघं असली की चेन आणि कडेची बटणं काढून दोन्ही बाजू उघडायच्या. लांबून गाडी येताना दिसली की गावाला लगेच कळायचं, स्वारी एकटीच आहे की सोबत कुणी आहे. कारखान्यातल्या कुठल्या पोराचं कुठे जमलंय हे थेल्माला त्याच्या आईच्या आधी कळायचं ते यामुळेच.

दहा वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांची कव्हरं शिवल्यावर तिने स्वतःसाठी एक जुनी एमजी घेतली. फिकट निळी, एमजीए. आता ही गाडी पाहिली की लोक फोटो काढतात, पण त्या काळी ती नुसतीच जुनी गाडी होती, आणि एका मुलीने पोटाला चिमटा घेऊन असली गाडी घ्यावी याचं गावाला हसू आलं होतं. थेल्माने कुणाच्या हसण्याकडे लक्ष दिलं नाही. ती गाडी जोरात चालवायची. फारच जोरात चालवायची, खरं सांगायचं तर.

क्लिफ ब्रिंबल तिला भेटला तो वाँटेजच्या रस्त्यावर, एका मोटर क्लबाच्या रविवारच्या सहलीत. लाल ट्रायम्फ टीआर-थ्री रस्त्याच्या कडेला उभी, आणि बॉनेट उघडून हा लांबलचक माणूस आत डोकं घालून बसलेला. थेल्माने गाडी थांबवली.

"काय झालं?"

"काही नाही. गाडी उत्तम आहे."

"मग उभी का?"

"पेट्रोल संपलंय," क्लिफ म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. फिटर माणूस, आणि निघताना पेट्रोल बघायचं विसरला.

थेल्माने डिकीतून दोर काढला. निळ्या एमजीच्या मागे बांधलेली लाल ट्रायम्फ भर दुपारी ऑक स्ट्रीटवरून गेली, तेव्हा दोन्ही बाजूंच्या पबांमधली माणसं हातात ग्लास घेऊन फुटपाथवर आली होती. त्या दिवसापासून गावात क्लिफची ओळख 'थेल्माने दोरीला बांधून आणलेला' अशीच झाली. पुढे त्याला हार्वेलच्या प्रयोगशाळेच्या वर्कशॉपमध्ये नोकरी लागली, तो ॲबिंग्डनचा झाला, सत्त्याहत्तर साली राणीच्या जुबिलीला गावच्या जुन्या रिवाजाप्रमाणे काउंटी हॉलच्या गच्चीवरून खालच्या गर्दीत बन फेकले, त्यातला एक त्याने उंच उडी मारून झेलला आणि वॉर्निश लावून शेडमधल्या फळीवर ठेवला. एवढं सगळं होऊनही दोरीची गोष्ट काही मागे पडली नाही.

संसाराचे नियम ठरले ते असे. एका रविवारी एमजी, थेल्मा चालवणार. दुसऱ्या रविवारी ट्रायम्फ, क्लिफ चालवणार. दुसऱ्याच्या स्टीअरिंगला हात लावायचा नाही. शिवणकाम दोन्ही गाड्यांचं थेल्माचं, धुणंपुसणं आणि आतली सफाई दोन्ही गाड्यांची क्लिफची. आणि कोणती गाडी चांगली हा वाद रोज, सकाळच्या चहापासून.

"तुझ्या गाडीला दाराला बाहेरून मूठसुद्धा नाही. आत हात घालून दोरी ओढायची. ही काय गाडी झाली?"

"ज्याला ती दोरी सापडत नाही त्याने माझ्या गाडीत बसूच नये."

"माझ्या इंजिनात जोर बघ. चढावर तुझी धापा टाकते."

"जोर असणारच. ट्रॅक्टरचं इंजिन ते."

"ट्रॅक्टर कधी थकलेला पाहिलायस? आणि एक विसरू नकोस. तुझ्या एमजीची बॉडी आमच्या कोव्हेंट्रीत घडायची आणि मग इथे यायची. म्हणजे माहेर तिचं आमच्याकडचंच."

"सासरी आली म्हणून सुधारली," थेल्मा म्हणायची.

मूलबाळ झालं नाही. त्याचं दुःख दोघांनी केलं, आणि मग घरात बोलायला विषय म्हणून या दोन गाड्या होत्याच. थेल्माने चाळीस वर्षांत एकदाही ट्रायम्फ चांगली आहे असं म्हटलं नाही, आणि क्लिफनेही एमजीला कधी मान तुकवली नाही. फक्त एका बाबतीत तो हात टेकायचा. थेल्माच्या रविवारी तो डाव्या सीटवर बसायचा, टोपी डोळ्यांवर ओढायचा, पाय गाडीच्या नाकात पार पुढे पसरायचा आणि ऑक स्ट्रीट संपायच्या आत झोपायचा. वाटेत कितीही वळणं येवोत. लोक म्हणायचे, थेल्माच्या शेजारी बसून झोप लागते म्हणजे एक तर हा बहिरा आहे नाही तर संत. थेल्माला त्याचा फार अभिमान होता. "माझा नवरा माझ्या गाडीत झोपतो," असं ती क्लबात दहा जणांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत क्लिफ गेला. हृदयच थांबलं, फार हाल झाले नाहीत. तेव्हापासून थेल्मा एमजी काढायची ती उजवी बाजू उघडून. डावीकडची बाजू बंद, बटणं लावलेली. गावाने ते पाहिलं. ट्रायम्फ मात्र शेडबाहेर गेली नाही. एका आड एक रविवारी थेल्मा तिच्या डाव्या सीटवर, म्हणजे आपल्या नेहमीच्या जागी बसायची, हात लांब करून इंजिन चालू करायची, थोडा वेळ ते घुमू द्यायची आणि बंद करायची. क्लिफच्या सीटवर बसावं असं तिला एकदाही वाटलं नाही.

मग गुडघ्याने दगा दिला. जिना चढवेना. सिडमथला समुद्राजवळ तिची धाकटी बहीण जोन एकटीच राहायची, तिने फोनवर निकाल लावला.

"थेल, तू इकडे ये. खोली तयार आहे. पण गॅरेज एकच आहे आणि त्यात एकच गाडी मावते. दुसरी माझ्या हॉलमध्ये ठेवायचा विचार असेल तर आत्ताच सांगते, जमणार नाही."

"त्या दोन गाड्या कधी वेगळ्या राहिल्या नाहीत गं."

"तू आणि मीही नव्हतो राहिलो. तू लग्न केलंस."

एक गाडी विकायची होती, आणि कोणती हे थेल्माला ठरवता येईना. एमजी ठेवली तर जन्मभर शेजारची सीट रिकामी बघायची. ट्रायम्फ ठेवली तर त्याच्या जागेवर बसायचं, त्याचं स्टीअरिंग धरायचं, चाळीस वर्षांचा नियम मोडायचा, आणि आपली स्वतःची गाडी कुणा परक्याच्या दारात गेलेली सोसायची. रात्र रात्र तळमळून शेवटी तिने ठरवलं की आपण ठरवायचंच नाही. क्लबाच्या मासिकात जाहिरात दिली: दोन्ही गाड्या बघा, दोन्ही चालवा, कुठलीही एक घ्या, किंमत सारखीच. जी राहील ती माझी.

रीडिंगचा एक दातांचा डॉक्टर आला. ॲलिस्टर व्हिटकूम, पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, बोलायला गोड. बरोबर बायको मॉइरा. ॲलिस्टरने आयुष्यभर इतरांची तोंडं बघून आता एक जुनी उघडी गाडी घ्यायचं ठरवलं होतं आणि वर्षभर त्या विषयाचा अभ्यास केला होता. कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक त्याने खिशातून काढलं आणि दोन्ही गाड्यांच्या मडगार्डांवरून फिरवलं, रंगाखाली पत्रा आहे की पुट्टी भरलीय ते बघायला. दोन्हीकडे ते घट्ट चिकटलं.

"मिसेस ब्रिंबल, संग्रहासाठी म्हणून विचाराल तर कठीण आहे हो," तो म्हणाला. "दिसायला एमजी. तिच्या अंगाच्या रेषा बघितल्या की दुसरीकडे बघवत नाही. ओढायला ट्रायम्फ. सुटे भाग दोन्हींचे मिळतात. तुम्ही दोन्हींबरोबर राहिलात. तुम्हीच सांगा."

"मी सांगणार नाही," थेल्मा म्हणाली. "तुम्ही निवडाल ती तुमची. हा माझा शब्द." आणि तिने हात पुढे केला. हातावर हात पडला. ॲबिंग्डनमध्ये त्यानंतर बोलणं संपतं.

पण सांगणार नाही म्हणणं वेगळं आणि गप्प बसणं वेगळं. आधी ट्रायम्फची चक्कर झाली. ॲलिस्टर क्लिफच्या सीटवर बसला, थेल्मा डावीकडे आपल्या जागी. परक्या माणसाचे हात त्या स्टीअरिंगवर पडले तेव्हा तिने मान वळवून कुंपणाकडे बघितलं. आणि मग, जिभेला सवयच ती, वाटभर तिचं सुरू झालं. आवाज बघा, शेतात आल्यासारखं वाटतं की नाही? गियर असा टाकावा लागतो, जसं बटाट्याचं पोतं ढकलावं. दार एवढं खाली कापलंय की बाहेर पडला तर रस्त्याला तोंड लागेल. ॲलिस्टर हसत होता. परत आल्यावर मॉइराने विचारलं, "तुमचे मिस्टर काय म्हणायचे या गाडीबद्दल?"

"तो कोव्हेंट्रीचा होता," थेल्मा म्हणाली. "त्याचं काय मनावर घ्यायचं?"

मग एमजी. थेल्मा सवयीने उजवीकडे गेली आणि थबकली. आता चालवणार ॲलिस्टर, म्हणजे तिला डावीकडे बसायला हवं होतं. दोन वर्षं बंद असलेली डावी बाजू तिने बटण बटण करून उघडली, चेन ओढली. सीटवर थोडी धूळ होती. आपल्याच गाडीच्या या सीटवर ती आजवर कधीच बसली नव्हती. तसा प्रसंगच आला नव्हता. पाय आत सरकवले, ते पार पुढे, अंधारात, जिथे बाहेरून वाकूनही काही दिसत नाही.

ऑक स्ट्रीट संपला, मार्चमचा रस्ता लागला. ॲलिस्टरला गाडी आवडलेली दिसत होती. त्याने वेग वाढवला. मार्चम गावात एक वळण आहे, भिंतीला लागून काटकोनात वळणारं. रोजचा माणूस तिथे आधीच सावकाश होतो. डॉक्टर रोजचा नव्हता. भिंत अंगावर यायला लागली तसा थेल्माचा उजवा पाय आपसूक समोर दाबला गेला.

तो पाय कशावर तरी पडला. लाकडाची फळी हवी होती, तिथे रबर होतं.

ॲलिस्टरने वळण कसंबसं घेतलं. "माफ करा हं," तो म्हणाला.

"गाडी थांबवा," थेल्मा म्हणाली.

त्याला वाटलं बाई रागावल्या. त्याने गाडी चर्चच्या भिंतीपाशी घेतली. थेल्मा उतरली आणि दुखऱ्या गुडघ्यासकट रस्त्यावर वाकून तिने खांद्यापर्यंत हात आत घातला. पुढच्या फळीवर एक लाकडी ठोकळा स्क्रूने पक्का बसवलेला होता. कडा घासून गोल केलेल्या, क्लिफ करायचा तशा. आणि ठोकळ्यावर ब्रेकच्या पेडलचं रबर. तिने बोटांनी चाचपलं. त्यावरच्या रेघा कडेला होत्या, मधल्या झिजून सपाट झाल्या होत्या. हे रबर एमजीचं नव्हतं. एमजीच्या पेडलवर तिचा स्वतःचा पाय होता चाळीस वर्षं, तिला ते ओळखू आलं असतं. हे ट्रायम्फचं होतं. क्लिफच्या शेडमधल्या, सुट्या भागांच्या डब्यातलं.

पहिल्यांदा तिला राग आला. म्हणजे हा माणूस झोपत नव्हता! टोपीखाली डोळे टक्क उघडे ठेवून, प्रत्येक वळणावर खोटा ब्रेक दाबत बसलेला असायचा. आणि मी मूर्ख, क्लबात सगळ्यांना सांगत सुटले. माझ्या गाडीत बसून, माझ्यावर विश्वास नाही, आणि ब्रेक लावायचा तोही ट्रायम्फचा!

"मिसेस ब्रिंबल, बरं वाटत नाही का?" ॲलिस्टर विचारत होता.

ती भिंतीला टेकून उभी राहिली. रबर एवढं झिजायला किती वळणं लागली असतील? एका आड एक रविवार, वर्षानुवर्षं, हा माणूस भीतीने अर्धा होऊन तिच्या शेजारी बसला होता. "हळू चालव" एवढे दोन शब्द म्हणायला काय लागत होतं? गाडीच्या नावाने दिवसभर टोमणे मारणारा माणूस. पण तिच्या चालवण्याबद्दल त्याने कधी चकार शब्द काढला नाही. तिला गाडी पळवताना जो आनंद व्हायचा त्यात त्याला मिठाचा खडा टाकायचा नव्हता. म्हणून त्याने टोपी ओढली, ठोकळा बसवला, आणि दर खेपेला पुन्हा येऊन बसला. थेल्माला रडू आलं. तिने ते लपवलं नाही.

"गुडघा दुखतो का?" ॲलिस्टरने हळूच विचारलं.

"नाही हो," ती म्हणाली. "नवरा आठवला."

परत येईपर्यंत ॲलिस्टरने गाडी अगदी बेताने चालवली. शेडसमोर उतरल्यावर त्याने एमजीच्या बॉनेटवर हात ठेवला. "माझं ठरलं. हीच. इतकी सुंदर गाडी सोडवत नाही."

थेल्माने शब्द दिलेला, हातावर हात पडलेला. सकाळपर्यंत कुठलीही जावो म्हणणारी ती, आणि आता ही एकच गाडी जाऊ नये असं झालं. क्लिफ त्या लाल गाडीत आहे असं समजून ती दोन वर्षं तिच्यापाशी बसत होती, आणि तो तर इथे होता, तिच्या स्वतःच्या गाडीत, डावीकडे, बटणं लावून बंद केलेल्या बाजूखाली.

"चहा घेऊ या," ती म्हणाली. "चहाशिवाय किल्ली देत नाहीत आमच्याकडे."

चहा झाला, लार्डी केकचे तुकडे झाले. साखर आणि चरबीने चिकट झालेली बोटं पुसत मॉइरा म्हणाली, "छान दिसेल हो दारात. मला मात्र यांच्या शेजारी बसायचं म्हणजे जीव मुठीत. वळणावर माझा पाय आपोआप दाबला जातो."

थेल्माने कप खाली ठेवला.

"डॉक्टर, माझी एक चूक झालीय," ती म्हणाली. "तुम्ही दोन्ही गाड्यांबद्दल विचारलंत आणि मी एकीचीच बाजू मांडली. ट्रायम्फचा वकील आज हजर नाही. त्याची बाजू मी मांडते. ती ऐका, आणि मग पुन्हा एमजी म्हणालात तर किल्ली तुमची. माझा शब्द कायम आहे."

ॲलिस्टरने बायकोकडे पाहिलं. "मांडा की."

तिने त्याला ट्रायम्फमध्ये बसवलं. कंबरेवर हात ठेवून समोर उभी राहिली, आणि क्लिफचं सगळं, जे चाळीस वर्षं एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडलं असं ती समजत होती, ते शब्दन् शब्द बाहेर यायला लागलं.

"दार खाली कापलंय ना? कोपर बाहेर टाका. असं. आता सांगा, एमजीत तुमचं कोपर कुठे होतं?"

"बरगड्यांत," ॲलिस्टरने कबूल केलं.

"तुमच्यासारख्या खांद्यांच्या माणसासाठीच कापलंय ते. आणि ट्रॅक्टर ट्रॅक्टर म्हणून मी हिणवते, पण हे इंजिन एकशे पंचवीस वर्षांच्या म्हातारीलासुद्धा चालू करता येईल. भोळं आहे. काही बिघडलं तर उघडून दिसतं काय बिघडलं ते. डॅशबोर्डवर आणखी एक बटण आहे बघा, ओव्हरड्राइव्हचं. लांबच्या रस्त्यावर ते दाबलं की इंजिन शांत होतं आणि शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत नाही. बाईमाणसाला बरं. वेल्सच्या डोंगरात आम्ही गेलो होतो, पाऊस कोसळत होता, टप लावायला थांबलो असतो तर टप लावेपर्यंत भिजलो असतो, म्हणून हा म्हणाला धर घट्ट. आणि या गाडीने तो चढ असा घेतला, की..." ती थांबली. "माझ्या गाडीने नसता घेतला," ती म्हणाली.

ॲलिस्टरने दारावर टेकलेलं कोपर उचललं नव्हतं.

"मिसेस ब्रिंबल, स्पष्ट विचारतो. दोन्हींत चांगली कोणती?"

थेल्माने फळीवरच्या वॉर्निश केलेल्या बनकडे पाहिलं, मग दाराबाहेर पाहिलं, गावातलं कुणी ऐकत तर नाही ना. मग म्हणाली, "ट्रायम्फ."

तो शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला होता, आणि ज्याने ऐकायचा तो ऐकायला नव्हता.

"एमजी तुमच्याकडेच राहावी म्हणून म्हणताय का?" मॉइराने विचारलं. आवाजात आरोप नव्हता.

"हो," थेल्मा म्हणाली. "आणि खरं आहे म्हणूनही."

मॉइरा उठली, एमजीच्या डाव्या सीटवर जाऊन बसली, पाय लांब केले. एकदम तिचा चेहरा बदलला. तिने पाय पुन्हा दाबून पाहिला. मग उतरून नवऱ्यापाशी आली. "ॲलिस्टर, ही गाडी आपली नाही. त्या जागेवर कुणीतरी बसलंय."

ॲलिस्टरला काय ते नीट कळलं नाही, पण बत्तीस दात मोजणाऱ्या माणसाला कुठे दुखतंय ते कळतं. त्याने कोपराकडे पाहिलं. "माझ्या कोपराचं मत तसंही ट्रायम्फलाच आहे," तो म्हणाला, आणि हात पुढे केला.

लाल गाडी गेली त्या दिवशी थेल्माने तिचं कव्हर स्वतः घडी करून दिलं. मग क्लिफचा डबा उघडला, त्यातलं उरलेलं पेडलचं रबर काढलं आणि मॉइराच्या हातात ठेवलं. "डावीकडच्या फळीवर बसवून घ्या. त्यांना सांगायची गरज नाही." मॉइराने ते पर्समध्ये टाकलं आणि तिला मिठी मारली. ट्रायम्फ दोन्ही बाजू उघड्या टाकून ऑक स्ट्रीटवरून गेली. कुणीही दोर बांधलेला नव्हता.

ऑक्टोबरात घर आवरलं, सामान लॉरीने पुढे गेलं. थेल्माने एमजी बाहेर काढली. वॉर्निश केलेला बन फडक्यात गुंडाळून डिकीत ठेवला. मग डावीकडच्या बाजूची बटणं एकेक करून काढली आणि चेन शेवटपर्यंत ओढली. शेजारची बाई कुंपणावरून म्हणाली, "थेल्मा, आभाळ भरून आलंय. एकटीच आहेस तर ती बाजू लाव की, सीट भिजेल."

"भिजू दे," थेल्मा म्हणाली. "त्याला सवय आहे."

मार्चमच्या रस्त्यावर पावसाचे थेंब सुरू झाले. समोर भिंत दिसायला लागली. हे वळण तिने आयुष्यात कधी वेग कमी करून घेतलं नव्हतं, त्याबद्दल तिची ख्याती होती. आज वळण बरंच लांब असतानाच तिने पाय ब्रेकवर ठेवला आणि हळूहळू दाबला. गाडी सावकाश झाली, इतकी की मागच्या व्हॅनवाल्याने हॉर्न वाजवला. थेल्माने डावीकडे पाहिलं.

"आता झोप खुशाल," ती म्हणाली.